समेट झाला; त्याची किंमत कोणी मोजली?

सिएरा लिओनमधील यादवी युद्ध १९९१ ते २००२ असे चालले. ते थांबल्यावर मारणारे आणि मार खाल्लेले एकाच गावात शेजारी म्हणून राहू लागले. 'फाम्बुल टोक' या तिथल्या संस्थेने गावोगावी शेकोटीभोवती सभा भरवल्या. पीडितांनी सोसलेले सांगायचे, अत्याचार करणाऱ्यांनी कबुली देऊन क्षमा मागायची. भरपाई नाही, शिक्षाही नाही. अशा कामाचे अहवाल बहुधा सभा किती झाल्या आणि उपस्थिती किती होती, एवढ्यावर संपतात. इथे मात्र संशोधकांनी २०० गावे घेतली, यदृच्छेने निवडलेल्या निम्म्या गावांत कार्यक्रम झाला, आणि ९ व ३१ महिन्यांनी दोन्ही प्रकारच्या गावांतील लोकांची पाहणी झाली. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला निष्कर्ष अडचणीचा होता. क्षमाभाव वाढला, विश्वास वाढला, गावाच्या कामाला लोक अधिक हातभार लावू लागले. पण त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा मानसिक त्रासही वाढला. नुसती उपस्थिती मोजली असती, तर हा कार्यक्रम निर्भेळ यशस्वी ठरला असता.

मोजण्याचा हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे मिटवायचे, त्यावर गुण मिळवायचे आणि लोकसंख्येनुसार बक्षीस घ्यायचे, अशी तिची रचना. बांधाचा वाद कोर्टाची पायरी न चढता सुटणे हे शेतकऱ्यासाठी लहान काम नव्हे. मोहिमेला हिणवण्याचे कारण नाही. पण मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली बाई सासरी परत गेली की कागदावर तंटा मिटतो. ती कोणत्या अटींवर गेली, दोन वर्षांनी तिथे तिचे काय चालले आहे, हे मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यातून कळत नाही. शिवाय बक्षीस पूर्ण गावाचे असले की 'आता मिटवून टाका' हा आग्रह ज्याच्या पाठीशी भाऊबंद कमी त्याच्याकडेच आधी वळणार.

यावर म्हटले जाते की शांततेसाठी कुणाला तरी थोडे सोसावेच लागते. असेल, पण कोणी आणि किती सोसायचे, हे ठाऊक असल्याशिवाय तो सौदा योग्य होता असे म्हणता येत नाही. सिएरा लिओनचा निष्कर्ष सभा बंद करा असे सांगत नाही; सभेनंतर मानसिक आधाराची सोय हवी, एवढे मात्र त्यातून निघते. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे: २०० गावांचा अभ्यास लहान संस्थेला झेपणारा नाही. पण तेवढ्याची गरजही नाही. दहा-बारा गावे निवडावीत, समेट घडवणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणी तरी तिथे जावे, बायकांशी आणि वादात नमते घेतलेल्यांशी वेगळे बोलावे, आणि प्रकल्प संपल्यावर दीड-दोन वर्षांनी पुन्हा जावे. या शेवटच्या फेरीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. समारोपाची परिषद थोडी साधी झाली तरी चालेल.