पिकअप घेताय? आधी वर्षातले दिवस मोजा



आज फवारणीचा नाही, गाडीचा मेसेज आहे. थोडा लांब आहे. संध्याकाळी निवांत वाचा आणि घरात जो गाडी चालवणार आहे त्यालाही वाचायला द्या.

गेल्या काही दिवसांत बऱ्याच सभासदांनी एकच प्रश्न विचारला: "आंब्याच्या आधी पिकअप घ्यायचीय. टाटाची इन्ट्रा घेऊ की महिंद्राची बोलेरो?" प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितोय. कंपनीच्या वाहतुकीचं काम बघतो म्हणून मत देतोय. हे माझं मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नाही. कुठल्याही शोरूमशी आपला संबंध नाही.

*आधी थोडं मागचं*

2005 साली टाटाने एस बाजारात आणली, आपला छोटा हत्ती. तोपर्यंत वाडीतून माल काढायचा म्हणजे तीनचाकी टेम्पो, नाहीतर मोठ्या ट्रकची वाट बघा. दोन सिलिंडरचं 702 सीसीचं इंजिन आणि पाऊण टन माल, एवढ्यावर त्या गाडीने अरुंद रस्त्याच्या वाड्या बाजाराला जोडल्या. पण घाट आला की पाऊण टन कमी पडायला लागला. म्हणून आता सगळ्यांची नजर सव्वा-दीड टनाच्या गाड्यांवर आहे. त्यात अशोक लेलँडची दोस्त 2011 पासून आहे. टाटाची इन्ट्रा 2019 ला आली. बोलेरो पिकअप तर आपल्याकडे इतकी आहे की नुसतं "पिकअप" म्हटलं तरी लोक बोलेरोच समजतात.

आपले सभासद ज्या दोन गाड्यांमध्ये अडकलेत त्या म्हणजे *इन्ट्रा व्ही-30* आणि *बोलेरो मॅक्स पिकअप सिटी 1.3*. त्याच दोघींचं बोलू.

*कागदावर काय दिसतं*

▪️ माल: दोन्ही 1300 किलो.
▪️ ताकद: दोन्ही साधारण 70 हॉर्सपॉवर.
▪️ इंजिन: इन्ट्रा 1496 सीसी, बोलेरो 2523 सीसी. दोन्ही डिझेल.
▪️ टॉर्क: इन्ट्रा 140, बोलेरो 200.

पहिल्या दोन ओळी वाचून माणूस म्हणतो, दोन्ही सारख्याच, मग जी स्वस्त ती घेऊ. खरा फरक शेवटच्या ओळीत आहे. हॉर्सपॉवर सपाट हायवेवर कामाला येते. भरलेली गाडी जागेवरून उचलायची, चढावर वळणात वेग पडला की पुन्हा ओढायची, तिथे टॉर्क लागतो. बोलेरोचं इंजिन तो जोर कमी फेऱ्यांवरच देतं. इन्ट्राला तेवढ्यासाठी गिअर खाली टाकून इंजिन जास्त फिरवावं लागतं. म्हणजे इन्ट्रा आंबा घाट चढत नाही असं नाही. चढते. पण साखरप्याच्या पुढे दुसऱ्या गिअरवर किती वेळ जातो, ते ड्रायव्हरला कळतं.

उलट बाजूही ऐका. इन्ट्रा आकाराने आटोपशीर, स्टिअरिंग हलकं. वाडीत जिथे एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला पऱ्या आहे, तिथे ती कमी जागेत वळते. इंजिन लहान म्हणून डिझेल कमी पितं. लिटरमागे दोनच किलोमीटरचा फरक धरा, 13 आणि 15. वर्षाला 15,000 किलोमीटर चालली तर साधारण 154 लिटर डिझेल वाचतं. लिटरला 90 रुपये धरले तर जवळपास 14,000 रुपये. हा आकडा लहान नाही, पण एवढ्यासाठी चुकीची गाडी घ्यावी एवढा मोठाही नाही.

*कोणाला कोणती?*

माझं मत सरळ सांगतो.

✅ तुमचा माल बहुतेक रत्नागिरी, लांजा, राजापूर, संगमेश्वर एवढ्यातच फिरतो, रस्ता डांबरी आहे, भाजी, काजू बी, खत, किराणा अशी वर्षभर थोडी थोडी कामं आहेत, तर *इन्ट्रा*.

✅ बाग सड्यावर आहे, शेवटचा एक-दीड किलोमीटर कच्चा लाल रस्ता आहे, आणि आठवड्याला भरलेली गाडी आंबा किंवा अणुस्कुरा घाटाने वर जाणार आहे, तर *बोलेरो*. जुनी झाल्यावर तिला आपल्या भागात गिऱ्हाईक पटकन मिळतं, हाही माझा अनुभव आहे.

फक्त वाशीची फेरी धरली तर दोघींत फार फरक पडत नाही. तिथे रात्रीचा ड्रायव्हर चांगला असणं जास्त महत्त्वाचं.

आता हे सगळं बाजूला ठेवून पुढचं वाचा. माझ्या मते बहुतेक सभासदांचा प्रश्न टाटा की महिंद्रा हा नाहीच.

*पेट्यांचा हिशेब*

पाच डझनाची पेटी घ्या. फळ सरासरी 250 ग्रॅमचं धरलं तर आंबा 15 किलो. पेटी, पेंढा, कागद मिळून तीनेक किलो. म्हणजे 18 किलो. 1300 किलोत साधारण 70 पेट्या बसतात. तुमची पेटी काट्यावर ठेवून बघा, किलोभर इकडेतिकडे होईल.

आता ज्याच्या बागेत सीझनला 400 पेट्या निघतात, त्याला भरून नेल्या तर *फेऱ्या होतात सहा.* फक्त सहा! पण आंबा काही एका दिवशी तयार होत नाही. तोडा थोडा थोडा निघतो. आज 20 पेट्या, चार दिवसांनी 30. मग तीच गाडी अर्धी रिकामी पंधरा-वीस वेळा पळते. डिझेल तेवढंच, टोल तेवढाच, ड्रायव्हरचा पगार तेवढाच.

*हप्त्याचा हिशेब*

8 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं असं धरून चला. महिन्याचा हप्ता साधारण 17,200 रुपये. वर्षाचे 2 लाख 6 हजार. त्यावर विमा, कर, पासिंग, टायर, सर्व्हिसिंग मिळून 90-95 हजार धरा. झाले 3 लाख. यात डिझेल नाही, ड्रायव्हर नाही. गाडी मांगराजवळ उभी राहिली तरी हे 3 लाख जाणारच.

मग दिवसाला गाडी किती रुपयांना पडते?

🔸 वर्षात 60 दिवस चालली तर दिवसाला 5,000
🔸 100 दिवस चालली तर 3,000
🔸 150 दिवस चालली तर 2,000

याच्या शेजारी तुमच्या गावातला पिकअपच्या भाड्याचा दर लिहा. भाड्यात डिझेल आणि ड्रायव्हर धरलेला असतो हे विसरू नका. मग दिसेल. कोणी म्हणेल, पाच वर्षांनी गाडी आपली राहते, विकली तरी पैसे येतील. बरोबर आहे. म्हणूनच शंभर-सव्वाशे दिवसांच्या आसपास असेल तर घेण्याचा विचार करा असं मी म्हणतो. पण साठ दिवसांवर विक्रीची किंमत धरूनही मेळ बसत नाही.

आंब्याचे पैसे दोन-अडीच महिने येतात. हप्ता बारा महिने जातो. जून ते फेब्रुवारी तो हप्ता कुठून भरणार, हे शोरूममध्ये कोणी विचारत नाही. ते आपण स्वतःला विचारायचं.

*माझी स्वतःची चूक*

मीही हे भोगलंय. काही वर्षांपूर्वी शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून मीही लहान गाडी घेतली. कोणती ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. हप्ता निघावा म्हणून क्षमतेपेक्षा जास्त पेट्या भरायला लागलो. मे महिन्याची दुपार, घाट, आणि क्लच जळाला. पेट्या चार तास उन्हात. दुसऱ्या गाडीने माल पोचला तेव्हा खालच्या थरातला आंबा दबलेला होता. पट्टी आली ती बघून घरात कोणी जेवलं नाही. पावसाळ्यात हप्त्यासाठी त्याच गाडीतून चिरे वाहिले, त्यात पाटे बसले. तिसऱ्या वर्षी गाडी विकली. म्हणून सांगतोय, हप्त्याची घाई लागली की माणूस गाडीवर जास्त माल टाकतो, आणि तिथून नुकसान सुरू होतं.

*कायद्याच्या चार गोष्टी*

1️⃣ जादा माल: मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. उन्हात रस्त्याच्या कडेला आंब्याच्या पेट्या उतरवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

2️⃣ परमिट: एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, 3000 किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. इन्ट्रा व्ही-30 यात बसते. बोलेरोची जास्त मालाची मॉडेलं यात बसत नाहीत. बुकिंगच्या आधी एकूण वजनाचा आकडा लेखी मागा.

3️⃣ लायसन: 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस 7500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवू शकतो. पिकअपसाठी वेगळी नोंद लागत नाही. लायसनची मुदत मात्र संपलेली नसावी.

4️⃣ माणसं: बागेतले गडी मागे हौद्यात बसवून न्यायचं बंद करा. मालगाडीच्या विम्यात हौद्यात बसलेली माणसं येत नाहीत. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. आणि पैशाचं सोडा, तो कोणाच्या तरी घरचा माणूस आहे.

*मग करायचं काय?*

माझं म्हणणं असं:

👉 ज्यांचे वर्षाचे दिवस 100 च्या आत आहेत त्यांनी एकट्याने गाडी घेऊ नये. एका वाडीतल्या तीन-चार बागायतदारांनी मिळून एक गाडी घ्यावी, किंवा ठरलेल्या दराने सीझनभर एक गाडी बांधून घ्यावी. तोडा एकाच दिवशी ठरवला तर चौघांचे 20-20 मिळून 80 होतात, गाडी भरून जाते. दहा जास्त झाल्या तर त्या दुसऱ्या दिवशी जाऊ देत.

👉 एकत्र घेणार असाल तर नाव कोणाचं, हप्ता कोण भरणार, कोणाचा माल आधी, बिघाडाचा खर्च कसा वाटायचा, हे कागदावर लिहा. भाऊ-भाऊ असलात तरी लिहा. भाऊ असलात तर आधी लिहा.

👉 घेणारच असाल तर ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊ नका. गाडीत हजारेक किलो माल भरा आणि तुमच्याच बागेच्या चढावर न्या. उतरताना ब्रेक बघा. हौदा टेपने मोजा, तुमच्या पेट्या किती थरांत बसतात ते लावून बघा. शोरूमवाला नाही म्हणाला तर ज्याच्याकडे ती गाडी आहे अशा माणसाबरोबर एक दिवस फिरा, डिझेल तुम्ही घाला.

👉 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुनं कोटेशन धरू नका. नवीन घ्या, आणि विमा, ॲक्सेसरीज, हँडलिंग वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा.

👉 जवळचं सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग कुठे मिळतात ते विचारा. एप्रिलमध्ये गाडी चार दिवस गॅरेजला राहिली तर मायलेजचा सगळा फायदा तिथेच जातो.

शेवटचं सांगतो. दारात नवी गाडी उभी राहिली की बरं वाटतं, यात काही वाईट नाही. पण आपल्याकडे कलम लावताना आपण सात-आठ वर्षं पुढचा विचार करतो, मग गाडीचा निर्णय एका संध्याकाळी शोरूमच्या खुर्चीत बसून का करायचा? एक वही घ्या, मागच्या वर्षी किती दिवस गाडी लागली ते आठवून लिहा. आकडा 100 च्या वर गेला तर वरचं वाचून दोघींतली एक निवडा. खाली राहिला तर शेजाऱ्याला हाक मारा.

ज्या सभासदांना वाडीनिहाय एकत्र गाडी लावायची असेल त्यांनी आपलं नाव, वाडी आणि सीझनच्या अंदाजे पेट्या याच नंबरवर पाठवा. नावं आली की एकाच रस्त्यावरच्या सभासदांची गाठ घालून देऊ. माझं मत पटलं नसेल तर तेही कळवा, स्वतःच्या गाडीच्या हिशेबासकट. बरोबर असेल तर पुढच्या मेसेजमध्ये तोही सगळ्यांना पाठवू.