दुसरा पडदा

लॅपटॉपला जोडायचा हा पाटीएवढा मॉनिटर मुलाने दिवाळीत आणला, तेव्हा मी विचारले, "अरे, एक पडदा असताना दुसरा कशाला?" तो म्हणाला, "आई, चार दिवस वापरून बघ. नको वाटला तर परत करू."

मत फिरले ते एका शिलालेखामुळे. लेण्याद्रीच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, ब्राह्मी लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा (म्हणजे सोनाराचा) मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा त्याचा आशय. शेजारी ७ मध्ये गिरिजात्मज, त्यामुळे गर्दी सगळी तिकडे! माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. नातीने काढलेल्या फोटोवरून अक्षरे उतरवत होते. फोटो बघायचा, तो झाकून टायपिंगकडे यायचे, तेवढ्यात अक्षराचे वळण डोक्यातून जाई. 'व' आणि 'च' यांची गल्लत होई. एकदा तर अख्खे अक्षर गाळून ते वाचन मी सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आयुष्यभर शुद्धलेखनाचे गुण कापले, आणि शेवटी हे!

आता डावीकडे फोटो, उजवीकडे लिखाण. गाळलेले अक्षर पहिल्याच दिवशी सापडले.

जाहिरातीत ही वस्तू कॉफीच्या दुकानातल्या तरुणांच्या हाती दिसते. माझ्या मते खरी गरज आम्हाला आहे. तरुणांना दोन गोष्टी डोक्यात धरता येतात, आम्हाला समोर ठेवाव्या लागतात. पण नुसती वस्तू आणून देऊन भागत नाही, मुलांनी अर्धा तास शेजारी बसावे. प्रथम दोन्हीकडे एकच चित्र दिसत होते. विंडोज आणि पी ही बटणे दाबून 'एक्स्टेंड' निवडायचे, हे मला कुठून कळणार? अक्षरे मुंगीएवढी होती, ती दीडशे टक्के केली. टाइप-सीच्या एकाच वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही जातात, पण लॅपटॉपच्या त्या खाचेतून चित्र बाहेर येण्याची सोय असेल तरच. नाहीतर एचडीएमआयची वायर आणि वीज वेगळी. शिवाय लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते; वीज गेली की मी वायर काढून ठेवते. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा उंच ठेवू नका, मान धरते. माझी दोन दिवस धरली होती.

मुलाने परवा विचारले, "मग, परत करायचा का?" मी त्याला मानमोडीचे फोटो आणायला सांगितले आहेत. तिथे नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे.