मांडव्याला झालेली शिक्षा

पोफळी हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं गाव. वर कोयनेचं अभयारण्य, खाली वाशिष्ठीचं खोरं आणि मध्ये कोयनेच्या वीजगृहाभोवती वाढलेली वस्ती. अशा गावात पोरं आणि जनावरं एकमेकांच्या वाटेतच वाढतात. पऱ्यातले खेकडे, खाचरावर घिरट्या घालणारे चतुर, कुंपणावरचा सरडा, सगळं हाताशी. त्यामुळे चतुराच्या शेपटीला दोरा बांधणं, गलोलीने पाखरू पाडणं, सरड्याला दगडांनी ठेचणं, दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ लावणं यातलं काहीच कोकणातल्या कुठल्या गावाला नवं नाही. असा प्रकार डोळ्यांवर आला की दोन निकाल तयार असतात. एक, ‘पोरंच ती, करायचीच.’ दुसरा, ‘आज कुत्रा मारला, उद्या माणूस मारील.’ पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात भीती. आणि दोन्हींत त्या पोराकडे नीट बघायचं राहून जातं. जनावराला छळल्यावरून मुलाचं भविष्य सांगता येत नाही. त्याच्या घरात आणि भोवताली आज काय चाललं आहे, हे मात्र पुष्कळदा कळतं, असं माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या निकालाला शास्त्राचा आधार आहे असं समजलं जातं, म्हणून तो आधी तपासू. १९६३ मध्ये जॉन मॅकडोनाल्ड या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञाने ठार मारण्याची धमकी दिलेल्या शंभर रुग्णांवर एक निबंध लिहिला. त्यांतल्या सर्वांत क्रूर वाटलेल्यांच्या लहानपणात त्याला तीन गोष्टी एकत्र दिसल्या : अंथरुणात लघवी होणं, आगी लावणं आणि प्राण्यांचा छळ. हे त्रिकूट पुढे गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांतून चित्रपटांत आणि तिथून घराघरांत पोचलं. पण हे रुग्ण धमकी देणारे होते, खुनी नव्हेत, आणि निरीक्षण एका डॉक्टरचं होतं. पुढे मॅकडोनाल्डने स्वतःच हा संबंध तपासला तेव्हा त्यालाही तो ठामपणे सिद्ध करता आला नाही. खरी गोम हिशेबाच्या दिशेत आहे. तुरुंगातल्या खुन्यांपासून मागे त्यांच्या बालपणाकडे गेलं की छळलेली मांजरं सापडतात. पण मांजरं छळलेल्या सगळ्या मुलांपासून पुढे गेलं तर किती खुनी सापडतील, हा वेगळा प्रश्न आहे. मागे जाऊनही चित्र फारसं पक्कं होत नाही. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात हिंसक गुन्हेगारांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी, तर हिंसा न केलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाने पूर्वी प्राण्यांना छळल्याचं दिसलं. फरक आहे. पण दोन तृतीयांश हिंसक माणसांनी तसं काही केल्याची नोंद नाही, आणि ज्यांनी केलं त्यांतले कितीतरी जण पुढे कुणावर हात न उगारता जगले.

पुढे जाणाऱ्या वाटेचं एक उदाहरण आपल्याच मुंबईतलं आहे. आईवडिलांविना मामाकडे वाढलेला एक मुलगा छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या टिपत असे. एकदा त्याला गळ्याशी पिवळा डाग असलेली वेगळीच चिमणी मिळाली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं, त्यांनी पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि मुलाला आयुष्यभराचं काम मिळालं. हे सलीम अली. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास त्यांनीच केला. यावर कुणी म्हणेल, ‘ही तुलना खोटी आहे. त्या काळी त्या घरात शिकार हा रिवाज होता, त्याला क्रौर्य कसं म्हणायचं?’ आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. जीव तर दोन्हीकडे जातो. पण घरच्यांसमोर, त्यांच्या चालीप्रमाणे नेम धरणारा मुलगा आणि गोठ्यामागे लपून मांजराच्या पिल्लाला चटके देणारा मुलगा यांच्यात अंतर आहे. केवळ कृतीवरून निकाल देणाऱ्याला ते अंतर दिसत नाही.

म्हणून ‘पोरंच ती’ म्हणून सोडून द्यावं काय? तेही पुराव्यात बसत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका अभ्यासात प्राण्यांच्या छळाबद्दल खटले झालेल्या १५३ जणांची त्यांच्याच शेजारपाजारच्या माणसांशी तुलना केली. छळणारे इतर हिंसक गुन्ह्यांत कितीतरी पटींनी अधिक सापडले. मात्र आधी जनावर आणि मग माणूस अशी शिडी दिसली नाही. छळ इतर गुन्ह्यांच्या आधी जितका आढळला तितकाच नंतरही. चोरी, नशा, मारामारी आणि हा छळ असे सगळे एकाच बिघाडाचे भाग होते. त्याहून बोलकं काम संशोधक फ्रँक अ‍ॅसिओन यांचं. नवऱ्याच्या मारहाणीमुळे अमेरिकेतल्याच यूटा राज्यातल्या आश्रयगृहात आलेल्या बायकांना त्यांनी घरातल्या जनावरांबद्दल विचारलं. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते त्यांतल्या ७१ टक्के बायकांनी सांगितलं की नवऱ्याने त्या प्राण्याला मारलं, इजा केली किंवा तशी धमकी दिली. आणि आई असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींनी आपल्या मुलांनीही प्राण्यांना इजा केल्याचं कबूल केलं. बायका चाळीसदेखील नव्हत्या, म्हणून टक्केवारीवर फार जोर देऊ नये. पण दिशा स्पष्ट आहे : बाप आईला मारतो, कुत्र्याला लाथ घालतो, आणि मुलगा आपल्याहून दुबळं कोण उरलं आहे ते शोधतो. १९८७ पासून अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ प्राण्यांचा छळ हे मुलांच्या वर्तनविकाराच्या लक्षणांत धरतात. मात्र निदानासाठी पंधरांपैकी किमान तीन लक्षणं वर्षभरात दिसावी लागतात. एकट्या लक्षणावर कुठलाही जबाबदार डॉक्टर शिक्का मारत नाही.

मुलं बघतात ते घरातच असं नाही. रानडुकरासाठी बांधावर लावलेल्या तारेच्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येतच असतात. सह्याद्रीच्या पलीकडे बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवायची प्रथा थांबवायला उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. गोव्यात धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, बंदी आली तरी त्या लागायच्या थांबल्या नाहीत. कायद्याची किंमतही बघा : १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला ठार मारण्याला किंवा लुळं करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण गावपातळीवर ते कलम कितीजणांना ठाऊक आहे? ज्याचा नारळ आणि आंबा वानरांनी फस्त केला त्या बागायतदाराला मी क्रूर म्हणणार नाही. त्याचं नुकसान खरं आहे. पण वानर हाकलणं वेगळं आणि पकडलेल्या वानराला हसत हसत ठेचणं वेगळं, हे शेजारी उभ्या पोराला कुणी सांगितलं नाही, तर त्याला फक्त हसणं दिसतं.

मग अशा पोराला शिक्षा किती, या प्रश्नाचा निवाडा महाभारताच्या आदिपर्वात आहे. चोरांनी मुद्देमाल आश्रमात दडवला म्हणून मौनी मांडव्य ऋषींना राजाने सुळावर चढवलं. वाचल्यावर त्यांनी धर्मराजाला जाब विचारला, ‘हे माझ्या कोणत्या पापाचं फळ?’ उत्तर मिळालं : लहानपणी तू पतंगांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्यांनी हा न्याय नाकारला. एवढ्याशा पोराच्या चुकीला सूळ ही शिक्षा नव्हे, असं म्हणून त्यांनी धर्मालाच शाप दिला आणि मर्यादा घातली की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचं पाप लागणार नाही. धर्माला विदुर होऊन जन्म घ्यावा लागला, तो त्या शापाने. आजचा कायदाही वयाकडे बघतो : सात वर्षांखालचं मूल गुन्हेगार ठरतच नाही, सात ते बारामध्ये त्याची समज तपासावी लागते. पण मांडव्यांनी काडी खुपसणं चांगलं म्हटलेलं नाही. पाप माफ आहे, पतंगाच्या वेदना खऱ्याच आहेत.

‘इतकं मऊ वागलात तर पोर हाताबाहेर जाईल, दोन थोबाडीत द्या,’ हा शेवटचा आक्षेप. थोबाडीत बसल्यावर मुलगा एकच शिकतो, की मोठा लहानाला मारू शकतो. कुत्र्याशी तो नेमकं तेच वागला होता. दटावणं जरूर हवं, पण त्यासोबत जखमी जनावराची निगा त्याच्याच हातून करून घ्यायला हवी. पाच वर्षांच्या मुलाने मुंगळा चिरडला तर समजावणं पुरे. दहा-बारा वर्षांचा मुलगा पुन्हा पुन्हा, लपून, कळवळणाऱ्या जिवाकडे मजेने बघत असं करत असेल, आग लावणं, चोरी, लहान मुलांना मारणं हेही सोबत असेल, तर ते गंभीर आहे. तेव्हा ‘हा असा का?’ असं विचारण्याआधी ‘याला घरात, शाळेत कोण मारतं? याच्यावर कुणी हात टाकला आहे का?’ हे विचारा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहेत. शिक्षकांनी, अंगणवाडी ताईंनी, शेजाऱ्यांनी ते वापरायला कचरू नये. छळलेलं कुत्रं बघून पोराला खुनी ठरवायची घाई करू नका, आणि त्याच्या घराचं दार ठोठावायला उशीरही करू नका.