वळायला जागा असेतो

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात उरलेल्या फराळाच्या युक्त्या सांगितल्या. आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरावर एक प्रसंग आला आणि देवीच्या कृपेने टळला. तो सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही. सांगताना माझीही चूक सांगावी लागेल. पण आपल्या सदरात आपण करपलेल्या पुरणाच्या गोष्टीसुद्धा सांगतो, मग हिचीच लाज कशाला?

जालना म्हटलं की लोकांना मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळ्या आठवतात. डोंगर कुणालाच आठवत नाही. पण राजूरच्या गणपतीला हात जोडून भोकरदनच्या पुढे उत्तरेला गेलं की अजिंठ्याची रांग समोर येते. माथे कसे, सुरीने कापल्यासारखे सपाट! मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून दोन वाक्यं सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर बसून आपलं हे दख्खनचं पठार झालं. त्यातला टणक थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या असतात आणि वर टेबलासारखं पठार. अमेरिकेच्या कोरड्या मुलखात अशा सपाट माथ्याच्या डोंगराला ‘मेसा’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ टेबलच. तिथले थर बहुतेक वालुकाश्माचे, आपले काळ्या पाषाणाचे, एवढाच फरक.

तर अशाच एका डोंगराखाली सासूबाईंचं माहेर आहे आणि वरच्या पठारावर त्यांच्या माहेरच्या देवीचं लहानसं ठाणं. पावसाळ्यात आमच्या धाकट्याला डेंग्यू झाला होता. तेव्हा सासूबाईंनी नवस बोलला, ‘पोर उठून बसू दे, मी स्वतः वर येऊन ओटी भरीन.’ पोर बरं झालं. पण सासूबाईंचे गुडघे! जिन्याच्या चार पायऱ्या चढताना त्यांना दोनदा थांबावं लागतं. अकरा वर्षांत त्या त्या डोंगरावर गेलेल्या नव्हत्या. मग ह्यांनी ठरवलं, आईला गाडीनेच वर न्यायचं. मामेभावाची जीप मागून आणली. ह्यांचा हात चांगला आहे, पण तो शहरातल्या रस्त्यावरचा. त्या जीपला जोर मागच्या दोनच चाकांना होता. चारही चाकं ओढणारी गाडी वेगळी असते, हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

गाडीत आम्ही सातजणं. हे, सासूबाई, मी, आमची दोन मुलं, वन्सं आणि त्यांचा मुलगा. शिवाय नारळ, पुरणपोळ्यांचा डबा, पाण्याची कळशी. गावात पारावर ह्यांनी विचारलं, “वर गाडी जाते का हो?”

“जाते की! परवाच टॅक्टर गेलं.”

झालं, एवढ्यावर आम्ही निघालो. ट्रॅक्टर आणि जीप यांत काय अंतर असतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

वाट म्हणजे मूळची गाडवाट, पुढे जरा रुंद केलेली. डाव्या अंगाला डोंगर, उजव्या अंगाला उतार, म्हणजे दरी ह्यांच्या बाजूला. परतीच्या पावसाने मधोमध घळ पडलेली. एक चाक घळीच्या अलीकडे, एक पलीकडे ठेवत जायचं. पहिली पायरी चढलो. तिथं एक लिंबाचं झाड होतं आणि त्याच्याभोवती जीप वळेल एवढं मैदान. माझ्या मनात स्वच्छ आलं, गाडी इथंच थांबवावी. पुढची वाट समोर दिसत होती. अरुंद, आणि सैल दगडांनी भरलेली.

पण मी बोलले नाही. का नाही बोलले? लहानपणापासून ऐकलेलं, गाडी चालवणाऱ्याच्या मध्ये बोलू नये. त्यातून सासूबाई आणि वन्सं मागे बसलेल्या. त्यांच्यादेखत ह्यांना ‘नको’ म्हणायचं म्हणजे नवसात मोडता घातल्यासारखं. मी पदर घट्ट धरला आणि गप्प बसले.

दुसऱ्या पायरीच्या निम्म्यात चाकं जागच्या जागी फिरायला लागली. दगड मागे उडाले. इंजिन बंद पडलं आणि जीप हातभर मागे घसरून थांबली. ह्यांनी ब्रेक दाबून धरला होता. तेवढ्यात लेक शांतपणे म्हणाली, “आई, बाबांच्या खिडकीतून नुसतं खालचंच दिसतंय.”

मैत्रिणींनो, पोर रडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

मी म्हटलं, “अहो, आता पुढं नाही.”

“अगं, थोडंच राहिलंय. एक जोर लावला की—”

तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, “राहू दे रे. देवी काय पळून चालली का?”

मग सगळे एकेक करून डाव्या, डोंगराच्या बाजूच्या दारांनी उतरलो. सासूबाईंना मी आणि वन्संनी हाताला धरून उतरवलं. मुलांना गाडीच्या वरच्या बाजूला, लांब, बांधाला टेकवून उभं केलं. आमचा आवाज ऐकून शेळ्या राखणारे एक बाबा खाली आले. त्यांनी आधी मागच्या चाकांना दोन मोठे धोंडे लावले, मग समोर उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. “मालक, मागं बघू नका, माझ्या हाताकडं बघा. बाई, तुम्ही बांधावर चढा अन् मागलं चाक कुठं जातंय ते मला ओरडून सांगा.”

मी डोंगराच्या बांधावर चढले. मी चाक बघायचं, ओरडायचं. बाबांनी हात डावा-उजवा करायचा. ह्यांनी रिव्हर्स गिअरमध्ये वीतभर वीतभर मागे यायचं. दहा-बारा वेळा गाडी थांबवून बाबांनी चाकाला परत धोंडा लावला. दीडशे पावलांची वाट, पाऊण तास लागला. लिंबाखाली आल्यावर ह्यांचा सदरा पाठीला चिकटलेला होता आणि माझा घसा बसला होता.

सासूबाई लिंबाखाली सतरंजीवर बसल्या. वर बघून हात जोडले आणि मला म्हणाल्या, “माझी ओटी तू घेऊन जा. अन् माझ्या नावानं खाली वाकून नमस्कार कर, नुसते हात जोडू नको.” वन्सं त्यांच्यापाशी थांबल्या. आम्ही दोघं मुलांना घेऊन पायी वर गेलो. वीस मिनिटांत पोचलो, बरं का! वर सगळं सपाट, पिवळं पडलेलं गवत आणि भणाणता वारा. अशा रांगेच्या माथ्यावर उभं राहिलं की गंमत वाटते. एका अंगाचं पाणी गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं तापीला.

ओटी भरली, सासूबाईंच्या नावाने वाकले. उतरताना हे बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, चारचौघांत थांबवलं म्हणून राग आलाय. पण हे म्हणाले, “तू लिंबापाशीच का नाही बोललीस?”

मी म्हटलं, “तुम्हाला आवडलं नसतं.”

“अगं, मलाही तिथंच वाटलं होतं, नको म्हणून. पण आईला कबूल केलेलं. म्हटलं, तुम्हीच कुणीतरी थांबा म्हणाल.”

ऐकलंत? दोघांच्याही मनात एकच, आणि दोघंही एकमेकांच्या भिडेने गप्प! आणि जिच्यासाठी गप्प बसलो, ती म्हातारी तर सगळ्यांआधी ‘राहू दे’ म्हणायला तयार होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झालाय. गाडीत बसलेल्या कुणीही, अगदी धाकट्यानेसुद्धा, ‘थांबा’ म्हटलं की गाडी थांबते. का, ते थांबल्यावर विचारायचं. आणि म्हणायचं ते वळायला जागा आहे तिथंच. पुढं गेल्यावर म्हणण्यात शहाणपण उरत नाही, नुसता आरडाओरडा उरतो. संसारातल्या इतर चढांनाही हे लागू पडतं, पण ते तुमचं तुम्ही जाणा.

आता पदराला गाठ मारून ठेवायच्या चार गोष्टी. काही मला त्या बाबांनी सांगितल्या, काही नंतर एका जाणत्या ड्रायव्हरदादांकडून विचारून घेतल्या.

‘गाडी जाते का?’ असं कधी विचारू नये. कोणती गाडी गेली, पावसानंतर गेली का, आणि वर वळायला जागा आहे का, असं तीन वेळा तीन प्रकारे विचारावं. पारावरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं जिवावर येतं, त्यात त्याचा दोष नाही.

वाट अरुंद दिसली की आधी उतरून पायी बघून यावं. पन्नास पावलं चालण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ‘शेफर ट्रेल’ म्हणून अशीच कड्याला चिकटलेली कच्ची वाट आहे. आधी ती गुरं नेण्याची वाट होती. १९५० नंतरच्या दशकात युरेनियमच्या ट्रकांसाठी ती रुंद केली. तिथंही पाऊस किंवा बर्फ पडलं की जाणकार माघार घेतात. मग आपण कोण?

चढ सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकावा, अर्ध्या चढात बदलत बसू नये. उतरतानाही तोच खालचा गिअर हवा. सारखा ब्रेक दाबला की ब्रेक तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची काही जणांना सवय असते, ती तर फारच वाईट. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो आणि पुष्कळ गाड्यांचं स्टिअरिंगही. घरात कुणी असं करत असेल तर आजच सांगा. वाचलेल्या पेट्रोलात आठवड्याची भाजीसुद्धा येत नाही.

अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नुसता रिवाज नाही, रस्त्याच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे.

गाडी मागे घेताना सांगणाऱ्याने गाडीच्या खालच्या बाजूला, चाकांच्या रेषेत कधीही उभं राहू नये. डोंगराच्या अंगाला, चालवणाऱ्याला दिसेल असं उभं राहावं. आणि एकानेच सांगावं. चौघं ओरडले की चालवणारा कुणाचंच ऐकत नाही.

पावसाळ्यात डांबरी घाटाचाही भरवसा धरू नये. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नडच्या घाटात दरडी कोसळून वाट बंद झाली होती. अशा दिवसांत निघायच्या आधी चौकशी करावी आणि घाट उजेडी ओलांडावा.

राहिली आपली बायकांची तयारी. घाटात लागणाऱ्या मुलांना निघताना दूध आणि तेलकट देऊ नये. कोरडी भाकरी किंवा पोळी थोडीशी द्यावी. आल्याच्या वड्या आणि लिंबू हाताशी ठेवावं. मुलांना मोबाइलात किंवा पुस्तकात डोकं घालू देऊ नये, लांबवर बघायला लावावं. पिशवीत एक मजबूत दोरी, बॅटरी आणि जास्तीचं पाणी असावं. आणि पायात चपलांऐवजी बूट! मी त्या बांधावर चपला घालून कशी उभी होते, ते माझं मला ठाऊक.

मला लायसन्स मिळून सहा वर्षं झाली, पण ते कपाटातच होतं. गेल्या रविवारपासून मी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गाडी मागे घ्यायला शिकतेय. पुढे न्यायला सगळेच शिकवतात. शेजारी बसून हे आता हातवारे करतात आणि मी ओरडते, “एकदाच सांगा हो!” मागच्या सीटवर लेक बसलेली असते. परवा ती म्हणाली, “आई, थांब.” मी थांबले. मागे एक कुत्रं झोपलं होतं.

पुढच्या आठवड्यात थंडीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करावं, ते सांगेन. तोवर तुमच्या घरात ‘थांबा’ कोण म्हणतं, ते मला जरूर कळवा.