बाळंतिणीची खोली, शेगडी आणि नवी जमीन

रत्नागिरीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आहे, ऐन श्रावणात. लादी गार लागते म्हणून यजमानांनी तिच्या खोलीत विनाईल चिकटवून घेतलं, पण त्याचा वास काही जात नाही. शिवाय सासूबाई म्हणतात, सव्वा महिना बाजेखाली शेगडी हवी आणि खिडक्या बंद. ‘जुन्या घरात माझी दोन्ही बाळंतपणं अशीच झाली, मग आताच भीती कसली?’ असं त्या विचारतात.

बाई, उत्तर तुमच्या छपरात आहे. जुनं घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची, दाराखालून ताजी यायची. आता वर स्लॅब आणि खिडक्यांना सरकत्या काचा! त्याच निखाऱ्यांची हवा आता आतच कोंडते. धूर थांबला, कोळसा लालबुंद झाला, की शेगडी निर्धोक झाली असं आपण समजतो. तसं नाही. त्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. बाळंतिणीला वाटतं शीण आला, आणि ती झोपते. बाळाला तर सांगताही येत नाही.

तेव्हा त्या खोलीत शेगडी नकोच, रात्री तर मुळीच नको. लेकीची कंबर शेकायला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरे. बाळाला टोपडं, दुपटं आणि आईची कूस. ओवा-वावडिंगाची धुरीही राहू द्या. कोवळ्या छातीला धूर तो धूरच.

आता विनाईलचं. वास येतो तो प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यांचा आणि गोंदाचा. खोली गरम झाली की तो वाढतो. त्यात आपल्याकडचा पाऊस! तळमजल्याच्या जमिनीतून ओल वर येते, विनाईलखाली अडकते, गोंद कुजतो, बुरशी धरते. श्रावणाला वेळ आहे तोवर ते उचलूनच टाका. लादी पुसून, पंखा लावून चांगली वाळवा आणि वर सतरंजी घाला, रोज झटकता येईल अशी. (सारवलेली जमीन बरी होती, असंही पत्रात आहे. दर आठ दिवसांनी सारवून कंबर कुणाची मोडायची, ते मात्र नाही!)

न्हाणीत गॅसचा गीझर असेल तर तोही बाहेर बसवून घ्या. तेल लावून, दार लावून बाळंतीण अर्धा-अर्धा तास न्हाते, आणि गॅसला जळायला त्याच्या २५ ते ३० पट हवा लागते. ती अपुरी पडली की तिथेही हाच विषारी वायू.

सासूबाईंना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका. घर बदललं, एवढंच सांगा. आणि जवळपास कुठे कोळसा किंवा गॅस जळत असताना कुणाचं डोकं जड झालं, तर आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, मग तडक डॉक्टरांकडे न्या. घरात काय पेटलं होतं, तेही त्यांना सांगा.