दमोहचा वायू, बुंदेलखंडाचे पाणी

आपल्या किल्ल्याचा वालुकाश्म हा विंध्य खोऱ्यातला दगड, शंभर कोटी वर्षांहून जुना मानला जाणारा. याच खोऱ्याच्या दक्षिण कडेला, नर्मदा-सोनच्या भ्रंशरेषेजवळ, भूकवचाच्या दाबाने थर वाकले आणि दमोह जिल्ह्यात जबेऱ्याला जमिनीखाली घुमट तयार झाला. वायू अशाच घुमटात अडकून राहतो. ओ.एन.जी.सी.ला त्याच जिल्ह्यात हटा येथे वायू सापडल्याची बातमी २०१८ साली आली, तेव्हा सागर-दमोहच्या आपल्या नातलगांइतकाच आनंद आम्हालाही झाला.

पण इतक्या जुन्या खडकातली छिद्रे बरीचशी बुजलेली असतात. असा खडक वायू सहजासहजी सोडत नाही. मग प्रचंड दाबाने पाणी घालून तो फोडावा लागतो, आणि एकेका विहिरीला लाखो लिटर पाणी लागते. तेही बुंदेलखंडात, जिथे उन्हाळ्यात माणसांनाच पुरत नाही! रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाईल, गावची विहीर मात्र गावालाच सांभाळावी लागेल. मते मागायला आपल्या वाड्यांच्या दारी येणाऱ्यांना आपण ग्वाल्हेरकरांनी एवढेच विचारावे: हे पाणी कुठून आणणार, आणि त्याचा हिशेब त्या गावांना कोण देणार?