घरच्या भट्टींतील पावडर कोटिंग : कोठवर करावें ?

खाडीकांठच्या आपल्या मुलखांत लोखंडाचें आयुष्य थोडें. देशावर जो पत्रा वर्षानुवर्षें टिकतो, तोच येथें ठाणें खाडीच्या किंवा पनवेल खाडीच्या वाऱ्यावर दोन पावसाळे काढतो न काढतो तोंच तांबडा होऊन पापुद्रे टाकूं लागतो. हवेंत मीठ आणि वर्षांतील चार महिने सतत ओल. पॉवर टिलर, फवारणीचा पंप, भाजीचा टेंपो, मुलाची मोटारसायकल, सर्वांस हा एकच रोग. त्यावर उपाय म्हणून आपल्या गांवांतील कित्येक तरुणांनीं घरच्या घरीं पावडर कोटिंग करण्यास आरंभ केला आहे. ही गोष्ट आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु स्तुति करण्यापूर्वीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

पावडर कोटिंग म्हणजे पातळ रंग ब्रशानें फांसणें नव्हे. यांत रंग कोरड्या भुकटीच्या रूपांत असतो. गनमधून ती भुकटी उडवितांना तिला उच्च दाबाची वीज दिली जाते. जो भाग रंगवावयाचा तो तारेनें जमिनीशीं जोडलेला असतो. त्यामुळें भुकटी त्याकडे ओढली जाऊन अंगास चिकटून राहते. मग तो भाग भट्टींत ठेवून 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, म्हणजे भुकटी वितळते, एकजीव होते आणि कठीण कवच धरते. साधारण 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी जाडीचें हें कवच नीट बसलें, तर हातरंगाहून पुष्कळच चिवट असतें. तापल्या धातूस भुकटीचा लेप देण्याची रीति 1950 नंतरच्या दशकांत जर्मनींत एर्विन गेमर यांनीं प्रचारांत आणिली. विजेनें भुकटी चिकटविण्याची रीति 1960 च्या पुढें रूढ झाली. आज तुर्भें, रबाळें, तळोजें येथील औद्योगिक वसाहतींत हें काम नित्याचें आहे.

1970 सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील आपल्या गांवांच्या जमिनी नव्या शहराच्या कामीं गेल्या. ज्या घरांत आजोबा भातासाठीं राब भाजीत, त्या घरांतला नातू आज कारखान्यांत गन धरतो. तेथें शिकलेली विद्या त्यानें घरीं आणिली, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

आमच्या पुतण्यानेंहि असेंच केलें. जुन्या लोखंडी कपाटास आंतून रॉकवूलचा थर देऊन, त्यांत ओव्हनच्या कॉइली बसवून त्यानें परसांत भट्टी उभी केली आणि एक लहान गन विकत आणिली. पहिलें काम फवारणी पंपाच्या चौकटीचें. तें इतकें सुरेख उतरलें कीं शेजारीपाजारीं त्याचें नांव झालें. उत्तेजन मिळून त्यानें भाजीच्या टेंपोचीं चारी चाकें, टायर उतरवून, एकेक करून रंगविलीं. चौथ्या दिवशीं पहांटे भेंडी व काकडी भरून वाशीच्या बाजारास जात असतां मागील डाव्या चाकाकडून खडखड ऐकूं आली. गाडी थांबवून पाहतों तों तीन नट नुसत्या हातानें फिरत होते. आम्ही स्वतः त्या टेंपोंत बसलों होतों. ही ऐकींव गोष्ट नव्हे.

कारण शोधतां असें आढळलें कीं, चाकाच्या ज्या बैठकीवर नट आवळतात, तेथेंहि रंगाचा जाड थर बसला होता. नट आवळला गेला तो लोखंडावर नव्हे, रंगावर. चाक फिरूं लागल्यावर रंग दबला आणि नट सैल पडला. ती जागा उष्णता सोसणारी पट्टी लावून कोरी ठेवावयाची, एवढी एकच गोष्ट तो विसरला होता. पुढें महामार्ग लागणार होता. तेथें काय झालें असतें, तें लिहिण्याचें कारण नाहीं. वहिनींस आम्हीं हें आजवर सांगितलेलें नाहीं. आतां छापलेलें वाचतील तर वाचोत.

या प्रसंगानें आम्ही घरगुती कोटिंगच्या विरुद्ध झालों, असें कोणीं समजूं नये. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी आणि बांधावर उभें राहून लिहिलेली पीकपाहणी यांतील भेद आम्ही जाणतों. कागद दोन्हींचा सारखाच स्वच्छ दिसतो. फरक कळतो तो पीक बुडाल्या वर्षीं. रंगाचेंहि तसेंच आहे. गंजावर मारलेली पावडर आणि निर्मळ लोखंडावर मारलेली पावडर दिवाळींत सारखीच चकाकते. पुढचा पावसाळा सरतां सरतां एकीच्या खालीं गंज पसरून सबंध कातडें सुटून येतें.

म्हणून पहिला नियम हा कीं, पाऊण काम रंगापूर्वींचें असतें. प्रथम तेल व ग्रीस पूर्णपणें काढावें. नंतर गंज व जुना रंग घासून लोखंडाचा मूळ करडा रंग दिसेपर्यंत साफ करावा. यासाठीं नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूचा झोत मात्र घरीं कधींहि मारूं नये. त्या वाळूच्या सूक्ष्म धुळीनें फुप्फुसें कायमचीं निकामी होतात. साफ झालेल्या भागास उघडा हात लावूं नये, आणि आपल्या दमट हवेंत तर त्याच दिवशीं पावडर मारावी. रात्रभर ठेवल्यास पुन्हां गंज धरतो. ओतीव भाग आधीं एकदां रिकामाच तापवावा, म्हणजे त्यांत मुरलेलें तेल व वायु निघून जातात आणि रंगावर फोड येत नाहींत. उन्हांत राहणाऱ्या भागास वरचा थर पॉलिएस्टर पावडरीचा द्यावा. नुसती इपॉक्सी उन्हानें खडूसारखी भुरकट होते. खाऱ्या वाऱ्यासाठीं मात्र इपॉक्सीचा प्रायमर खालीं असणें हितकारक होय.

दुसरा नियम उष्णतेचा. भट्टींतील हवा तापली म्हणजे लोखंड तापलें, असें नव्हे. तवा तापला म्हणून भाकर लगेच भाजली जात नाहीं, हें आपल्या घरांतील कोणीहि बाई सांगेल. भाग स्वतः 180 ते 200 अंशांवर पोंचल्यानंतर, पावडरीच्या डब्यावर लिहिलेल्या प्रमाणानें, दहा ते वीस मिनिटें मोजावयाचीं असतात. जाड भागास तेथवर पोंचण्यासच पुष्कळ वेळ लागतो. अर्धाकच्चा रंग दिसावयास छान, पण पहिल्याच दगडानें टवका उडतो.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तो घरच्या भट्टींत घालूं नये. चाकें, ब्रेक, स्टीअरिंग हे भाग जाणत्या कारखान्याकडेच द्यावे. अलॉयचीं चाकें तर ठराविक उष्णता देऊनच कणखर केलेलीं असतात. वाटेल तसें तापविल्यास त्यांचें बळ कमी होतें, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं. शॉक अब्सॉर्बर तापविल्यास फुटूं शकतो. पेट्रोलच्या टाकींत तर धुतल्यावरहि वाफ राहते. ती भट्टींत ठेवणें म्हणजे घरांत सुरुंग ठेवणें होय. उलटपक्षीं कॅरिअर, स्टँड, पंपाची चौकट, आरशाचे दांडे, हत्यारांच्या पेट्या एवढें क्षेत्र हौशी माणसास पुष्कळ आहे.

धोक्यांविषयीं थोडक्यांत. उडती पावडर पिठाच्या गिरणींतील धुळीप्रमाणें पेट घेते. ठिणगी, विडी किंवा लाल झालेली उघडी कॉइल जवळ असूं नये. अर्थिंग पक्कें असावें. नाकातोंडावर योग्य मास्क असावा. कांहीं पॉलिएस्टर पावडरींतील घट्ट करणारें द्रव्य प्रकृतीस अत्यंत घातक आहे, म्हणून त्यावांचूनची पावडर मागून घ्यावी. क्लोरीनयुक्त द्रवानें धुतलेला भाग ओला असतांनाच तापविल्यास प्राणघातक वायु होतो. ज्या ओव्हनमध्यें एकदां पावडर भाजली, त्यांत पुन्हां अन्न करूं नये. आणि गंज काढण्याचें आम्ल नाल्यांत किंवा विहिरीशेजारीं ओतणारा मनुष्य शेतकऱ्याचा मुलगा म्हणवून घेण्यास पात्र नाहीं.

येथें कोणी म्हणेल, इतकें सारें सांभाळावयाचें तर घरीं करावेंच कशास ? आमचें उत्तर असें. मोठ्या कारखान्यास एका शेतकऱ्याच्या एका चौकटीचें अगत्य नसतें. शेंकडों नगांच्या मालांत ती मागें पडते. म्हणून काम आपणच केलें पाहिजे. मात्र तें प्रत्येकानें आपापल्या परसांत न करतां सर्वांनीं मिळून एके ठिकाणीं करावें, असें आमचें मत आहे. आपल्या मंडळानें मळणीयंत्र ज्या न्यायानें सामायिक घेतलें, त्याच न्यायानें एक तीन फूट रुंद, तीन फूट खोल व चार फूट उंच भट्टी घ्यावी. ती गोदामापासून दूर, वारा खेळणाऱ्या पत्र्याच्या छपरांत असावी. तिला उष्णतेचा आंकडा दाखविणारें यंत्र असावें. कारखान्यांत काम केलेला एक तरुण पगारी ठेवावा, आणि कोणाचा कोणता भाग आला, कसा साफ केला, किती अंशांवर किती मिनिटें ठेविला, याची नोंदवही रोजच्या रोज लिहावी. विजेची जोडणीहि धंद्याची घ्यावी. घरगुती जोडणीवर धंदा करणें 2003 च्या वीज अधिनियमाच्या कलम 126 खालीं अनधिकृत वापर ठरून दुप्पट दरानें आकारणी होते. कायद्याची ही बाजू तरुणांस कोणी सांगत नाहीं, म्हणून मुद्दाम लिहितों.

आमच्या पुतण्यानें आपली कपाटाची भट्टी बंद केलेली नाहीं. परंतु तींत आतां चाक जात नाहीं. मंडळाची भट्टी झाल्यास आपली गन तेथें देऊन आठवड्यांतून एक दिवस फुकट शिकविण्यास तो तयार आहे. वार्षिक सभेपुढें हा विषय ठेवावा अशी आम्ही चालकांस विनंति करतों. सभासदांनींहि तोंवर एवढेंच करावें : ज्यांनीं घरीं चाकें रंगविलीं असतील, त्यांनीं आज सायंकाळीं पाना घेऊन नट तपासावे, आणि बैठकीवर रंग आढळल्यास तो खरवडून नट पुन्हां आवळल्यावांचून गाडी रस्त्यावर काढूं नये.